त्याच घरात राहणारी व्यक्ती

सिद्धेश्वरी बिराजदार यांनी आयुष्यात फारसे लेखन केले नाही. रुग्णांच्या नोंदी, प्रशिक्षणाची टिपणे आणि एका जिल्हास्तरीय समितीसाठी तयार केलेला मार्गदर्शक सूचनांचा मसुदा, एवढेच त्यांच्या हातचे. त्या मसुद्यातले एक वाक्य त्यांना पुसून टाकावेसे वाटते. वाक्य चुकीचे नाही, आणि त्यांच्या खेदाचे कारण नेमके तेच आहे.

त्यांचे गाव अक्कलकोटच्या पलीकडे, सीमेला लागून. घरात कन्नड, शाळेत मराठी. वडील शिवलिंगप्पा यांची मूत्रपिंडे निकामी झाली तेव्हा त्या परिचर्येच्या शेवटच्या वर्षाला होत्या. आठवड्यातून तीनदा वडील एसटीने सोलापूरला येत, यंत्राला जोडून घेत आणि संध्याकाळी इतके गळून परतत, की घरच्यांशी बोलण्याचेही त्राण त्यांच्यात उरत नसे. माणूस जगत होता. पण त्याचा दिवस त्याच्या मालकीचा राहिला नव्हता. वडिलांच्या मृत्यूनंतर सिद्धेश्वरींनी प्रगत परिचर्येचे पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि दीर्घ आजाराचा रुग्ण घरीच कसा सांभाळता येईल, हा आपल्या अभ्यासाचा विषय केला. लग्नाचा विचार त्यांनी दोनदा पुढे ढकलला. तिसऱ्यांदा कोणी विचारले नाही. ही गोष्ट त्या तक्रारीच्या सुरात सांगत नाहीत.

शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात त्यांनी पोटातून करायच्या डायलिसिसचे छोटे केंद्र सुरू केले. या पद्धतीत रुग्णाच्या पोटात एक मऊ नळी कायमची बसवलेली असते. पिशवीतले द्रावण त्या नळीतून पोटात सोडायचे, काही तासांनी बाहेर काढायचे आणि नवे भरायचे. असे दिवसातून तीन-चार वेळा, घरच्या घरी. यंत्र लागत नाही, प्रवास लागत नाही. लागते ती स्वच्छता, आणि रोज न चुकता ती पाळणारा दुसरा माणूस. बाहेर आलेले द्रावण स्वच्छ, पिवळसर दिसले पाहिजे. ते गढूळ दिसले तर पोटात जंतू शिरले असे समजायचे आणि तत्काळ फोन करायचा. केंद्रातल्या प्रशिक्षणाचा निम्मा वेळ या एका गोष्टीवर जाई.

दगडाबाई या केंद्राच्या सुरुवातीच्या रुग्णांपैकी. मूळच्या जेऊरच्या, नवरा यंत्रमागावर कामाला होता म्हणून सोलापूरच्या पूर्व भागात आल्या आणि तो गेल्यावरही तिथेच राहिल्या. साठीच्या आसपासचे वय, जुना मधुमेह, दुबळे हृदय. यंत्रावरचे डायलिसिस या हृदयाला झेपणार नाही, असे मूत्रपिंडतज्ज्ञांनी स्पष्ट सांगितले होते. त्यामुळे पोटातले डायलिसिस हा त्यांच्यासाठी सोयीचा पर्याय नव्हता; तोच एक मार्ग होता. मुलगा जोतीराम अकलूजला दुधाच्या टँकरवर चालक होता आणि त्याचा संसार तिकडे होता. दगडाबाईंच्या खोलीला लागून असलेल्या खोलीत मुमताज शेख ही विधवा राहत असे. दोघी कारखान्यातून टॉवेलचे गठ्ठे आणून त्यांच्या कडा शिवत. प्रशिक्षणाला दगडाबाईंबरोबर मुमताजच आली, आणि तिला कोणी नाते विचारले नाही, कारण तेव्हा तसा नियम नव्हता.

पहिल्या घरभेटीला सिद्धेश्वरी साशंक होत्या. खोली लहान, पत्र्याची. हवेत सुताचे तंतू तरंगणारे. पण दाराला ओली चादर लावलेली होती, शिवणयंत्र शेजारच्या खोलीत हलवलेले होते आणि पंखा बंद होता. मुमताज तोंडाला मास्क लावून दगडाबाईंसमोर उभी होती.

"हात दाखव."

"धुतले की."

"धुतले म्हनं. बांगड्यांच्या मागं कोन धुनार, तुझा जावई?"

"शिस्टर, बगा हिचं," दगडाबाई सिद्धेश्वरींना म्हणाल्या. "माझी सासूसुद्धा इतकी खाष्ट न्हवती. तिला निदान दुपारी झोप तर लागायची."

"सासूनं पोटात नळी न्हवती घातली तुझ्या. ऊठ, परत धू."

दगडाबाई उठल्या, आणि त्यांनी परत हात धुतले. रमजानच्या महिन्यात भेट दिली तेव्हाही हाच क्रम चालू होता. फरक इतकाच, की पिशवी टांगून झाल्यावर मुमताज भिंतीला टेकून बसत होती आणि दगडाबाई तिला, "रोजा तू धर, राग माझ्यावर का काढतीस," असे म्हणत होत्या. वर्षभरात दगडाबाईंना एकदाही संसर्ग झाला नाही. केंद्रातल्या टाइल लावलेल्या घरांतल्या कित्येक रुग्णांविषयी असे म्हणता येत नव्हते.

याच काळात केंद्रातला एक तरुण यंत्रमाग कामगार दगावला. तो सहकाऱ्यांबरोबर भाड्याच्या खोलीत राहत असे. ज्याची कारखान्यात पाळी नसेल तो पिशवी बदलायचा. सगळे भले होते, पण गढूळ द्रावण पाहणारा प्रत्येक जण, दुसऱ्याने कळवले असेल असे समजून कामावर गेला. सिद्धेश्वरींनी त्या मृत्यूचा फार विचार केला. जबाबदारी अनेकांत वाटली की ती कोणाचीच राहत नाही, या निष्कर्षाला त्या आल्या, आणि तो निष्कर्ष खोटा नव्हता.

पुढे त्यांचे हे काम जिल्ह्याच्या दीर्घ आजार योजनेत सामावून घेण्याचे ठरले. पिशव्या मोफत मिळणार होत्या, तालुक्यांतल्या परिचारिकांना प्रशिक्षण मिळणार होते. समितीने मसुदा लिहायला सिद्धेश्वरींनाच सांगितले. डॉक्टरांच्या समितीत परिचारिकेने धोरण लिहावे, हे नवीन होते, आणि त्यांनी ते काम अतिशय निष्ठेने केले. त्यात त्यांनी एक अट घातली: घरगुती डायलिसिससाठी रुग्णाबरोबर त्याच घरात राहणारी, रक्ताच्या वा विवाहाच्या नात्यातली एक प्रौढ, प्रशिक्षित व्यक्ती असणे आवश्यक राहील. ते लिहिताना त्यांच्यासमोर तो मेलेला तरुण होता. दगडाबाई नव्हत्या.

अट मंजूर झाली आणि जुन्या रुग्णांनाही लागू झाली.

सिद्धेश्वरींनी समितीत दगडाबाईंचा विषय काढला, हे नमूद केले पाहिजे. अध्यक्षांनी शांतपणे विचारले, की अट लिहिणाऱ्या व्यक्तीनेच पहिला अपवाद मागितला, तर तालुक्यातल्या परिचारिकेने पुढाऱ्याच्या माणसाला कशाच्या आधारावर नाही म्हणायचे? प्रश्न प्रामाणिक होता. नियम सर्वांना सारखा असावा असे मानणाऱ्या माणसापाशी त्याचे उत्तर सहज नसते. सिद्धेश्वरींनी विषय मागे घेतला, आणि पुढच्या भेटीत त्यांनी दगडाबाईंना अकलूजला जाण्याचे सुचवले.

"मग मुमताजला बहीण लिव्हा की," दगडाबाई म्हणाल्या.

"मावशी, खोटं कसं लिहू?"

"खोटं कुटं हाय त्यात?"

मुमताज टॉवेलाच्या घड्या घालत होती. तिने वर पाहिले नाही. "आधारकार्डात बसत न्हाई ते, दगडे. जा तू लेकाकडं. तितं म्हशीचं दूध हाय, सून हाय. हितं काय हाय, मी आन् माझी बडबड."

"तेच म्हनते मी."

"काय म्हनतीस?"

"काय न्हाय. घड्या घाल."

जोतीराम आनंदाने आईला न्यायला आला. आई शेजारणीच्या जिवावर सोडली, हे भावकीचे बोलणे त्याने बरीच वर्षे ऐकून घेतले होते. त्याची बायको अपेक्षा बारावी शिकलेली, शांत आणि नेटकी. केंद्रातले प्रशिक्षण तिने सगळ्यांच्या आधी पूर्ण केले. हात धुण्याच्या सगळ्या पायऱ्या ती न अडखळता करून दाखवी आणि पिशवी जोडताना तिचा हात हलत नसे. सिद्धेश्वरींनी सुटकेचा निःश्वास टाकला. आपली अट कठोर असली तरी या एका बाबतीत तिने नुकसान केले नाही, असे त्यांना वाटले.

अकलूजच्या घरी पहिल्या भेटीला गेल्या तेव्हा त्यांना सगळे व्यवस्थित दिसले. जोतीरामने घरामागे आईच्या उपचारासाठी नवी खोली बांधायला घेतली होती. भिंतींना पांढऱ्या टाइल, खिडकीला जाळी. फक्त एक गोष्ट त्यांच्या नजरेत आली. पिशवी बदलायची वेळ झाली तेव्हा दगडाबाई भिंतीकडे तोंड करून, पदराखाली स्वतःच नळी जोडू लागल्या. अपेक्षा मास्क लावून पाठमोरी उभी होती.

"अपेक्षानं करायला हवं हे," सिद्धेश्वरी म्हणाल्या.

"सुनेपुढं पोट उगडं टाकू व्हय?" दगडाबाई हलक्या आवाजात म्हणाल्या. "मला येतं की आता. शिकलेय न्हवं मी."

"हात धुतलेत का?"

"धुतले की."

सिद्धेश्वरींनी अपेक्षाकडे पाहिले. सासूला ती आत्या म्हणे. "आत्या म्हणतात तर धुतले असतील," ती म्हणाली. तिच्या आवाजात आदर होता, शंका नव्हती. शंका घेणे तिच्या हातात नव्हते.

सिद्धेश्वरींना हे खटकले. परंतु खोली स्वच्छ होती, द्रावण स्वच्छ होते, व्यक्ती प्रशिक्षित होती, नात्यातली होती आणि त्याच घरात राहत होती. मसुद्यात जे जे लिहिले होते ते सगळे समोर हजर होते. त्यांनी समाधानकारक असा शेरा दिला. त्या दिवशी आपण घर पाहिले, माणसे पाहिली नाहीत, असे त्या आता म्हणतात. मला हे पूर्ण खरे वाटत नाही. माणसे त्यांनी पाहिली होती. पण जे दिसले त्याला स्वतःच्या नियमात कुठे जागा द्यावी, हे त्यांना उमगले नाही, आणि जागा नसलेली गोष्ट माणूस लवकर विसरतो.

नवी खोली पूर्ण झाली तेव्हा जोतीरामने वास्तुशांत ठेवली. माळशिरस, जेऊर, कुठून कुठून पाहुणे येणार होते. कार्याच्या आदल्या दिवशी सकाळी बाहेर आलेले द्रावण तांदळाच्या धुवणासारखे दिसले. दगडाबाईंनी ते पाहिले. पिशवी ओतून टाकायला नेणाऱ्या अपेक्षानेही पाहिले.

"आत्या, फोन करायला पाहिजे."

"पाव्हणे यायला लागलेत. जोतीरामाचं पैलं कार्य हाय. तेवढं होऊ दे, मग करू. आन् त्याला सांगू नकोस."

अपेक्षाने फोन केला नाही. दोन्ही दिवस ती पाहुण्यांच्या पंगती वाढत राहिली आणि मधूनमधून मागच्या खोलीत जाऊन सासूच्या कपाळाला हात लावून पाहत राहिली. दगडाबाई नवे लुगडे नेसून, पाहुण्यांमध्ये बसून हसत होत्या. पाहुणे गेल्यावर त्यांना उभे राहता येईना. जोतीरामने त्यांना टँकरमालकाच्या गाडीत घालून सोलापूरला आणले तेव्हा ताप चढला होता आणि पोट लाकडासारखे झाले होते.

जीव वाचला. पण पोटातली नळी काढावी लागली आणि ती पुन्हा बसवण्याजोगे पोट राहिले नाही. आता उरले ते यंत्र, जे हृदयाला झेपणार नाही हे सगळ्यांना माहीत होते.

रुग्णालयाच्या व्हरांड्यात अपेक्षा बाकावर बसली होती. सिद्धेश्वरी तिच्याशेजारी बसल्या.

"मला दिसलं होतं, मॅडम. पहिल्या वेळेलाच."

"मग फोन का नाही केलास?"

"आत्या नको म्हणाल्या."

"गढूळ दिसलं की कुणालाही न विचारता फोन करायचा, हे मी शिकवलं होतं ना?"

"तुम्ही सगळं शिकवलं होतं," अपेक्षा म्हणाली. "आत्यांना नाही कसं म्हणायचं, तेवढं राहिलं."

तिच्या बोलण्यात उपरोध नव्हता. लग्न होऊन आलेल्या मुलीला तिच्या माहेराने आणि सासरानेही जे कधी शिकवले नव्हते, ते चार दिवसांच्या प्रशिक्षणात शिकवले जाईल, असे गृहीत धरणाऱ्या योजनेत दोष तिचा नव्हता. आपण नात्याला जवळीक समजलो, असे सिद्धेश्वरी मला म्हणाल्या होत्या. नात्यात जवळीक असतेच. पण त्यात वरचा आणि खालचाही असतो. ज्या शुश्रूषेत रुग्णाचे म्हणणे मोडावे लागते, तिथे खालच्याचे हात बांधलेले असतात. शेजारणीला हे ओझे नव्हते. ती मोडू शकत होती, रागावू शकत होती, आणि दगडाबाई तिच्यापुढे पोट उघडे टाकू शकत होत्या.

दगडाबाई यंत्रासाठी सोलापुरातच राहिल्या, आपल्या जुन्या खोलीत. मुमताज त्यांना आठवड्यातून तीनदा रिक्षातून आणे. एकदा दोघी खाटेजवळ बोलत होत्या. सिद्धेश्वरी पलीकडच्या रुग्णाची पट्टी बदलत होत्या.

"गडूळ दिसलं तवा गप का बसलीस गं?"

"पाव्हणे होते."

"मी असते तर पाव्हण्यांच्या पंगतीतनं वडून आणलं असतं तुला."

"म्हनून तर," दगडाबाई डोळे मिटून म्हणाल्या, "तितं बरं वाटत होतं जरा. कोन बोलत न्हवतं मला."

मुमताजने त्यांच्या पायावरची चादर सारखी केली. पुढच्या उन्हाळ्यात, यंत्रावर असतानाच, दगडाबाईंचे हृदय थांबले.

सिद्धेश्वरींनी अट बदलण्याचा प्रस्ताव समितीपुढे मांडला. त्या वेळी त्यांच्यापुढे त्यांचेच आकडे ठेवण्यात आले. अट लागू झाल्यापासून जिल्ह्यातले संसर्ग कमी झाले होते. अट चांगली होती. ती बहुतेकांच्या उपयोगाची होती. एका मृत्यूवरून ती बदलावी काय, असे एका सदस्याने विचारले, आणि ती लिहिली गेली तीही एका मृत्यूवरूनच, हे सिद्धेश्वरींना सांगावे लागले. वाद लांबला. अखेर, रुग्णाने स्वतः सुचवलेली, जवळ राहणारी आणि प्रशिक्षण घेतलेली व्यक्तीही चालेल, असे वाक्य जोडले गेले. आरोग्यसेवेच्या भाषेत हा विजय म्हणावा लागेल. सिद्धेश्वरींनी तो शब्द वापरला नाही.

नवी तरतूद आल्यावर थोड्याच दिवसांत मुमताजच्याच मागच्या गल्लीतली एक एकटी बाई केंद्रात आली. विडी कामगार, नवऱ्याने टाकलेली, मुले नाहीत. तिला कोणाचे नाव सुचवायचे असे विचारले, तर तिने मान हलवली. सुचवण्यासारखे कोणी नव्हते. सिद्धेश्वरींना साहजिकच मुमताज आठवली. जिल्ह्यातल्या कोणत्याही घरातल्यापेक्षा जास्त सराव असलेले हात होते ते. त्या तिच्या खोलीवर गेल्या. मुमताजने शिवणयंत्र थांबवले, स्टूल पुसून पुढे केले, चहा ठेवला आणि सगळे ऐकून घेतले.

"मला न्हाय जमनार, मॅडम."

"मुमताजआपा, तुमच्याएवढं चांगलं हे कुणाला येत नाही. थोडं मानधनही मिळेल आता."

"येतं म्हनून करायचं आसतं व्हय?" मुमताज म्हणाली. "ती बाई माझी कोन?"

"दगडाबाई तरी नात्याच्या कुठं होत्या?"

मुमताजने त्यांच्याकडे असे पाहिले, की सिद्धेश्वरींना आपला प्रश्न परत घ्यावासा वाटला.

"माझा मालक गेला तवा मी इद्दतीत होते," मुमताज म्हणाली. "नवरा मेल्यावर आमच्यात चार म्हयने धा दिवस बाईनं उंबऱ्याभाईर जायाचं नसतंय. कारखान्यातनं गठ्ठे कोन आननार, शिवल्याले कोन देनार? दगडी आनायची डोक्यावरनं. तिचे आन् माझे, दोन्ही. कारखानदार म्हनला, तुझंच काम कर, दोघींचं मिळनार न्हाय. ती तितंच दारात बसली दिसभर. मला हे तिनं सांगितलं न्हाय, दुसऱ्याकडनं कळलं. मग तिच्या पोटाला नळी लागली तवा मला कुनी नेमलं न्हवतं, मॅडम. तुमी बी न्हाय."

"मला हे माहीत नव्हतं."

"तुमी इचारलं कुटं? पैल्यांदा नातं न्हाय म्हनून मला काडलं. आता नातं नको म्हनून बोलवायला आलात."

मुमताजने चहा गाळून पुढे केला. सिद्धेश्वरींनी तो घेतला, कारण न घेणे आणखी वाईट झाले असते. मुमताज पुन्हा यंत्रावर बसली नाही. पाहुणी जाईपर्यंत ती अदबीने समोर उभी राहिली, आणि ही अदबच सिद्धेश्वरींना जास्त लागली. दगडाबाई असताना या खोलीत कोणी कोणासाठी असे उभे राहत नसे.

तिथून निघून त्या मागच्या गल्लीत गेल्या. ती बाई दारातच सुपात पाने घेऊन विड्या वळत बसली होती. नळी बसवण्याची तारीख जवळ आली होती. पिशव्या आल्या होत्या, एका कोपऱ्यात खोकी रचून ठेवली होती. बाईने हातातले सूप बाजूला ठेवले.

"कोन येनार हाय मग माझ्याकडं?" तिने विचारले.

"बघतेय," सिद्धेश्वरी म्हणाल्या, आणि उंबऱ्यावर तिच्याशेजारी बसल्या.